दोनशे चार इंच, सहा सूत

दशरथ घाडीगावकरांशी मी सव्वीस वर्षं भांडले, आणि मन लावून भांडले. आता भांडण मिटलंय म्हणून मी त्यांची आरती ओवाळायला बसलेय असं कोणी समजू नये. माणूस हट्टी आहे, लपवाछपवी करणारा आहे आणि त्याने सांगितलेल्या तारखेवर कधी विश्वास ठेवू नये. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे मी मऊ पडले तरी नोंद राहील.

मी दर्शना वानखडे. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं. जोगेश्वरी पूर्वेच्या आमच्या सोसायटीची गेली एकोणीस वर्षं सेक्रेटरी आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची फाइल असते. पाण्याच्या टाकीची आहे, लिफ्टची आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या कबुतरांची आहे. सगळ्यांत जाड फाइल घाडीगावकरांच्या गाडीची.

आडनाव घाडीगावकर, पण बिल्डिंगमधली पोरं त्यांना सरळ गाडीगावकर म्हणतात आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. मूळ गाव मालवणकडचं. बासष्ट वय, उंची बेताची, हाताची बोटं मात्र दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या माणसाची असावीत अशी. ओशिवऱ्याला त्यांचा एक गाळा आहे. तिथे ते चाळीस वर्षं एकच काम करतात: जुन्या अमेरिकन गाड्या पुन्हा उभ्या करायच्या. शेवरलेट, डॉज, प्लिमथ, डिसोटो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी शेठ-सावकारांनी मिरवलेल्या आणि नंतर कुठेतरी शेडमध्ये गंजत पडलेल्या. त्यांच्या हाताखालून अशा त्रेचाळीस गाड्या रस्त्यावर गेल्या, हा आकडा त्यांचा आहे. मी पडताळलेला नाही.

अमेरिकनच का, असं मी एकदा विचारलं होतं. भांडणाच्या मध्येच विचारलं होतं, म्हणून उत्तर लक्षात आहे.

"बाई, इंग्लिश गाडीत माणूस आखडून बसता. जपानी गाडीत हिशेबानं बसता. अमेरिकन गाडीत पुढे तीन, मागे तीन, आणि वर गावचो पाव्हणो इलो तरी कोणी नाय म्हणत नाय. गाडी कशी, घरासारखी व्हयी."

"घरासारखी आहे म्हणून दीड घराची जागा अडवायची का?" असं मी म्हटलं आणि भांडण पुन्हा रुळावर आणलं.

त्यांचे वडील लालबागला गिरणीत होते, कताई खात्यात. ब्याऐंशीचा संप झाला तेव्हा दशरथ एकोणीस वर्षांचे. गिरणीत चिकटायची आशा संपली. ओळखीच्या कोणीतरी त्यांना अंधेरीच्या एका गॅरेजमध्ये शिवदास उस्तादांकडे नेऊन सोडलं. उस्ताद पूर्वी कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात कामाला होते आणि अमेरिकन गाड्यांचा नटन् नट ओळखत. पहिल्याच दिवशी उस्ताद एका डॉजखाली पाठीवर पडलेले. खालूनच हात बाहेर काढून म्हणाले, "दशरथ, सहा सूत दे."

आता गॅरेजमध्ये, सुताराकडे, प्लंबरकडे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अमेरिकन गाडीचे नट इंचातले, म्हणून पाने सुतात मोजायचे. सहा सूत म्हणजे पाऊण इंची पाना. पण गिरणी कामगाराच्या मुलाला सूत म्हटलं की एकच गोष्ट ठाऊक. त्याने सगळं गॅरेज धुंडाळलं. मग धावत शेजारच्या टेलरकडे गेला आणि चांगले दोन-दोन वार लांबीचे सहा धागे, एकसारखे कापून, उस्तादांच्या तळहातावर ठेवले.

उस्ताद गाडीखाली इतके हसले म्हणे, की वर बसलेल्या गिऱ्हाइकाला इंजिन चालू झाल्यासारखं वाटलं. मग ते बाहेर आले आणि म्हणाले, आणलंयस तर वाया कशाला घालवायचं. दोन धागे एकाला एक बांधले, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून धरले आणि चाकं सरळ रेषेत आहेत की नाहीत ते कसं बघायचं, हे त्याला शिकवलं. घाडीगावकर आजही चाकांची रेषा धाग्यानेच बघतात. ओशिवऱ्याला कॉम्प्युटरवाले आहेत, पण ते म्हणतात, कॉम्प्युटरला रविवारी सुट्टी असते.

ही गोष्ट त्यांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला किमान चारदा सांगितलीय. माझं त्यांच्याशी सूत का जमलं नाही, ते मात्र त्यांनी एकदाही नीट ऐकून घेतलं नाही.

तर ती गाडी. एकोणीसशे नव्याण्णव सालची गोष्ट. गोवंडीच्या एका भंगारवाल्याकडे छप्पन सालची डिसोटो तोडायला आली होती. घाडीगावकर तिथे दुसऱ्याच कसल्यातरी दाराची कडी शोधायला गेले होते. ते पोहोचले तेव्हा गॅस कटरने मागच्या मडगार्डवर वीतभर चीर पडली होती. त्यांनी कटरवाल्याचा हात धरला, असं ते सांगतात. मी म्हणते, गॅस कटर चालवणाऱ्याचा हात कोणी धरत नाही, हाक मारली असेल. असो. दुपारी क्रेनने लटकवत ते धूड आमच्या गेटातून आत आलं. चाकं नव्हती, काचा नव्हत्या, रंग कुठला ते सांगता येत नव्हतं. सगळी बिल्डिंग गॅलरीत. सगळे हसले, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांत मोठ्याने मी हसले. वर ओरडून म्हणाले, "सोसायटीत भंगार आणायला परवानगी लागते!"

घाडीगावकरांनी वर बघितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, आज ओढत आली. ह्या गेटातून बाहेर जायल ती स्वतःच्या इंजिनावर. शब्द देतंय."

झालं. त्या दिवसापासून तो शब्द आमच्या बिल्डिंगच्या बोकांडी बसला.

टाकीच्या मागे ती गाडी उभी राहिली. आठ-दहा वर्षांत तिचं रूप पालटलं हे मात्र मला मान्य करावं लागतं. पत्रा ठोकून सरळ केला, चीर अशी भरली की बोट फिरवूनही कळू नये. खाली गर्द हिरवा, वर साय रंग. मागचा बंपर त्यांना अकरा वर्षांनी नाशिकला एका ढाब्याच्या बाकाला लावलेला सापडला. तो निकलचा मुलामा देऊन बसवला तेव्हा त्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. दर दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ, समोर नारळ, आणि वाक्य ठरलेलं: "येत्या दसऱ्याला स्टार्ट." आमचा वॉचमन त्या गाडीला डिसोटो न म्हणता "दिसतो" म्हणायचा. "दिसतो दिसतो, पण चालतो कधी?" मी चौदा पत्रं लिहिली. दीड गाडीची जागा अडते म्हणून, मांजरं तिथेच वितात म्हणून, आणि तीन पत्रं तर टाकीमागे कसलातरी वास येतो म्हणून. वासाचा आरोप शेवटी गटारावर गेला.

सुहासिनीवहिनी, म्हणजे त्यांच्या बायको, माझ्या चांगल्या ओळखीच्या. त्यांना मी विचारायची, अहो, तुम्ही तरी सांगा त्यांना. त्या म्हणायच्या, "बाई, दारू नाय, जुगार नाय. एक गाडी आसा, ती पण खय जाणा नाय. ह्याच्यापेक्षा बरा व्यसन खयला?"

गेल्या वर्षी बिल्डिंग पुनर्विकासाला काढायची ठरली. तीस वर्षांत पिलर फुगले, गॅलऱ्यांचं प्लास्टर पडायला लागलं. दुसरा उपाय नव्हता. अठ्ठावीस सभासद. कायद्याने सगळ्यांच्या सह्या लागत नाहीत, पण बिल्डरचं म्हणणं, एकही माणूस कोर्टात गेला तर काम अडतं, मला अठ्ठावीसच्या अठ्ठावीस हव्यात. सत्तावीस सह्या मी तीन आठवड्यांत गोळा केल्या. अठ्ठाविसावी कोणाची राहिली हे सांगायला नको.

मला वाटलं, अडचण पार्किंगची. नव्या बिल्डिंगमध्ये गाड्या लोखंडी फळ्यांवर ठेवून यंत्राने वर-खाली सरकवणार, आणि एका फळीची लांबी पाच हजार मिलिमीटर. सभेत घाडीगावकर उठले आणि म्हणाले, "मिलिमीटर माका नको. इंच-सुतात बोला." मी खडूने फळ्यावर गणित केलं. फळी एकशे शहाण्णव इंच, सात सूत. त्यांची गाडी दोनशे चार इंच, सहा सूत. म्हणजे गाडी आठ इंचांना एक सूत कमी, एवढी जास्त.

कोणीतरी मागून म्हणालं, "मग बंपर काढा ना! पुढचा-मागचा काढला की बसते बरोबर."

घाडीगावकर वळले. "तू दारातून आत येताना नाक घरी ठेवून येतंस काय रे?"

सभा तिथेच संपली. पण बिल्डरची आर्किटेक्ट प्रांजल ही हुशार मुलगी निघाली. दुसऱ्या दिवशी येऊन तिने स्वतः टेप धरून गाडी मोजली. टेपच्या दुसऱ्या टोकाला घाडीगावकर. तिला गाडी इतकी आवडली की तिने नकाशात मागच्या भिंतीलगत जमिनीवरच एक लांब जागा काढून दिली आणि तिथे शाईने लिहिलं: डिसोटो. मी मनात म्हटलं, सुटलो. कागद आणि पेन घेऊन त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

"बघतंय," ते म्हणाले.

"आता काय बघायचं राहिलं?"

"बघतंय म्हटलं ना, बाई."

पंधरा दिवस गेले. ताकास तूर लागू देईनात. बिल्डरने दोन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात सही नाही तर तो दुसरं काम घेणार. वरच्या मजल्यावरच्या आजींच्या छताला टेकू लावलेला. मी रोज जिन्यात त्यांना गाठायची, रोज ते चप्पल घालून निसटायचे.

आणि मग एका दुपारी मी टाकीची पातळी बघायला मागे गेले तर सुहासिनीवहिनी डिसोटोचं बॉनेट उघडून आत वाकलेल्या. सव्वीस वर्षांत ते बॉनेट उघडं मी पहिल्यांदा पाहत होते. म्हटलं, नवऱ्याची विद्या बायकोनेही घेतली की काय.

"वहिनी, इंजिन गरम झालंय का?"

त्या इतक्या दचकल्या की हातातला डबा पडला. डब्यातून आमसुलं सांडली. मी पुढे होऊन आत डोकावले. आत इंजिन नव्हतं. इंजिनाच्या जागी फळी टाकलेली, आणि फळीवर ओळीने स्टीलचे डबे: कुळथाचं पीठ, घावनांचं पीठ, आमसुलं आणि कोपऱ्यात घट्ट झाकणाचा एक मोठा डबा.

"ह्यात काय?"

"सोडे," वहिनी खाली बघून म्हणाल्या. सुकवलेली कोळंबी. मांजरांना ती गाडी इतकी प्रिय का, आणि माझी तीन पत्रं गटाराच्या नावावर कशी गेली, हे मला त्या क्षणी कळलं.

"घर लहान, बाई," त्या म्हणाल्या. "रिकामी जागा किती दिवस ठेवायची?"

घाडीगावकरांना वरून बोलावलं. ते आले, उघडं बॉनेट बघितलं, मला बघितलं आणि गाडीच्या मडगार्डला टेकून उभे राहिले. लबाडी पकडली गेलेला विद्यार्थी मी आयुष्यभर पाहिलाय. पण हा चेहरा तसा नव्हता. ओशाळलेला होता.

मग त्यांनी सांगितलं. डिसोटोचं इंजिन त्यांनी ओशिवऱ्याच्या गाळ्यात बारा वर्षं बांधलं. गाडीबरोबर आलेला मूळ ठोकळा तोच ठेवला, बाकी एकेक भाग शोधून, घासून, जमलं नाही तर स्वतः बनवून. दोन हजार अकरा साली ते पूर्ण झालं. लोखंडी स्टँडवर ठेवून त्यांनी ते चार मिनिटं चालवलं.

"चार मिनिटं कशावरून?"

"घड्याळ लावलंलय. हिका फोन लावून आयकवलंय."

वहिनींनी मान हलवली. "चपात्या करी होतंय. आयकलंय मी. बरा वाटला."

त्याच आठवड्यात पार्ल्याच्या विद्याधर पटवर्धनांच्या प्लिमथचं इंजिन फुटलं. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, आणि रोज वापरातली. दुसरं इंजिन देशात मिळेना. पटवर्धनांनी गाडी भंगारात द्यायचं ठरवलं. प्लिमथ आणि डिसोटो एकाच घरच्या बहिणी. एकीचं इंजिन दुसरीला अचूक बसतं. घाडीगावकरांनी आपलं इंजिन उचलून त्यांच्या गाडीत बसवलं.

"बारा वर्षांचं काम? असं देऊन टाकलंत?"

"त्यांची चालती गाडी, बाई. माझी उभी होती. चालत्याक आधी. म्हटलं, माका काय, दुसरा मिळात." त्यांनी बॉनेटची कड बोटाने पुसली. "चौदा वर्षं शोधतंय. नाय मिळाला."

म्हणजे हे होतं. सही केली की बिल्डिंग रिकामी करायची. रिकामी करायची म्हणजे गाडी गेटाबाहेर. आणि गाडी आली होती तशीच, क्रेनवर लटकून, सगळ्या गॅलऱ्यांसमोरून जाणार. पार्किंग नाही, बंपर नाही. साठी ओलांडलेला हा माणूस दिलेल्या शब्दावर अडून बसला होता. आणि तो शब्द माझ्या हसण्यावर दिलेला होता. मला फार वाईट वाटलं. मला वाईट वाटलं की मी ओरडते.

"मग मागून आणा ते इंजिन! तुमचंच आहे ना? विकलंय का?"

"नाय, दिलंय."

"मग झालं तर. पटवर्धनांना दुसरी गाडी घेता येईल. तुम्हाला दुसरा शब्द देता येणार नाही. चला, मी येते."

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने पार्ल्याला गेलो. मी मुद्दाम सोबत गेले, कारण हा माणूस एकटा गेला तर इंजिन आणायचं सोडून उरलेले चार पार्टही देऊन येईल. पटवर्धनांचा जुना छोटा बंगला, फाटकाशी ती प्लिमथ उभी. पटवर्धन त्र्याऐंशी वर्षांचे, ताठ. घाडीगावकरांनी घसा खाकरत कसंबसं काम सांगितलं. पटवर्धनांनी सगळं ऐकून घेतलं आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "घेऊन जा. तुझंच आहे, दशरथ. चौदा वर्षं वापरू दिलंस हेच खूप."

मी सुटकेचा श्वास सोडला. एवढ्यात घरातून पटवर्धनकाकू आल्या. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, साडी बाहेर जायची. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी प्लिमथचं पुढचं दार उघडलं, पाठमोऱ्या होऊन त्या ऐसपैस सीटवर टेकल्या आणि मग सावकाश पाय आत घेतले. "दशरथ, बरा आलास," त्या म्हणाल्या. "ही हल्ली पुलाच्या चढावर दमते. बघ जरा. मुलाच्या गाडीत मला वाकताच येत नाही रे, हिच्याशिवाय माझं बाहेर पडणं बंद होईल."

घाडीगावकरांनी पटवर्धनांना गाडी चालू करायला सांगितली आणि बॉनेट उघडलं. मग ते नुसते उभे राहिले, मान एका बाजूला कलती करून. मला इंजिनातलं काही कळत नाही. मला तो नुसता आवाज वाटला. त्यांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, कुठेतरी अर्धा वळसा दिला, ऐकलं, पुन्हा पाव वळसा मागे घेतला. आवाज बदलला. खाली उतरला आणि एकसारखा झाला. त्यांनी एक हात इंजिनाच्या अंगावर ठेवला, तापलेलं असूनही. मग रुमालाने कडा पुसल्या आणि बॉनेट अलगद बंद केलं.

"आता नाय दमायची, काकी," ते म्हणाले, आणि फाटकाच्या दिशेने चालायला लागले.

मी मागून धावले. "अहो, इंजिन?"

"बाई, चालत्या गाडीक खीळ घालू नये म्हणतत. माझ्या हातून तरी नाय पडायची."

हात हलवत परत! अंधेरीच्या सिग्नलला ते म्हणाले, "कागद आणलाय?" मी पर्समधून काढला. त्यांनी गुडघ्यावर ठेवून, रिक्षा थांबली होती तेवढ्यात, सही केली. अक्षर शाळकरी, पूर्ण नाव.

"अहो, पण शब्द?"

"गेलो तो गेलो. माझ्या एका शब्दापायी सत्तावीस घरांची खोटी कशाक?"

तीन महिने जिच्यामागे धावले ती सही माझ्या हातात होती, आणि मला ती अजिबात नको झाली होती.

घरी आल्यावर मी ती जाड फाइल काढली. चौदा पत्रं वाचली. तेरावं पत्र तर इतकं खोचक होतं की मलाच लिहिणारणीचा राग आला. आणि सगळ्यांत खाली, मी सेक्रेटरी झाले त्या वर्षी धाक दाखवून मागून घेतलेली, डिसोटोच्या आरसी बुकाची झेरॉक्स. ती मी बराच वेळ वाचत बसले. मग पटवर्धनांना फोन लावला.

बिल्डिंग सोडायच्या आदल्या रविवारी, सकाळी साडेसहाला, ती प्लिमथ आमच्या गेटातून आत आली. चालवायला स्वतः पटवर्धन, डोक्यावर टोपी. क्रेनला मी नाही म्हणून सांगितलं होतं. पटवर्धनांच्या बंगल्यामागे शेड रिकामी होती. नवी बिल्डिंग होईपर्यंत डिसोटो तिथे राहणार होती, आणि तिथवर तिला प्लिमथ ओढून नेणार होती. घाडीगावकरांना हे सगळं मान्य होतं. त्यांना आता काहीही मान्य होतं. त्यांनी धागा ताणून चाकांची रेषा तपासली, हवा बघितली, जाड दोर दोन्ही गाड्यांना बांधला आणि वर गॅलऱ्यांकडे एकदाही मान उचलून पाहिलं नाही. गॅलऱ्या भरलेल्या होत्या. कोणी हसत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

दोर बांधणं चालू होतं तेव्हा मी पटवर्धनांना प्लिमथचं बॉनेट उघडायला लावलं. चष्मा पुसला, इंजिनाच्या कडेला ठोकलेला नंबर शोधला आणि तळहातावर पेनने उतरवून घेतला. त्यांना वाटलं, म्हातारीला काहीतरी नवीनच खूळ लागलं.

डिसोटोत पुढच्या सीटवर आम्ही तिघं: स्टिअरिंगला घाडीगावकर, मधे सुहासिनीवहिनी मांडीवर सोड्यांचा डबा घेऊन, कडेला मी. सव्वीस वर्षांत मी त्या गाडीत पहिल्यांदा बसले. सीट खरोखर ऐसपैस आहे. पुढे प्लिमथ सुरू झाली, दोर ताणला गेला, आणि डिसोटो एक हिसका देऊन हलली. टाकी मागे गेली. वॉचमनने गेट पूर्ण उघडलं आणि सलाम ठोकला.

गेट ओलांडताना घाडीगावकर समोर बघत म्हणाले, "बाई, आली ती ओढत आणि चालली ती पण ओढत. तुमका दिलेलो शब्द मोडलंय."

"आरसी बुकात इंजिन नंबर काय आहे तुमच्या गाडीचा?" मी विचारलं.

"आता कशाक तो?"

"विचारतेय ते सांगा."

त्यांना तो पाठ होता. एक इंग्रजी अक्षर आणि सहा आकडे त्यांनी घडाघडा म्हटले. मी माझा तळहात त्यांच्यासमोर धरला. "वाचा. हा पुढच्या गाडीतल्या इंजिनाचा. आत्ता उतरवून घेतलाय, अंक न् अंक. आणि ही तुमच्या आरसी बुकाची झेरॉक्स. सरकार दरबारी हे इंजिन डिसोटोचं आहे. तुम्ही म्हणाला होतात, ही गेटातून बाहेर जाईल ती स्वतःच्या इंजिनावर. मग आत्ता ती कुणाच्या इंजिनावर चाललीय?"

त्यांनी तिरक्या नजरेने झेरॉक्स वाचली आणि पुन्हा रस्त्याकडे बघितलं.

"इंजिन गाडीच्या आतच असेल असं तुम्ही म्हणाला नव्हतात, घाडीगावकर. मी तेव्हा नीट ऐकलं होतं. ते दोराच्या पलीकडे आहे, एवढंच. उत्तर बरोबर आहे."

त्यांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं, मग काचेतून पुढे प्लिमथकडे, आणि डोळे पुसायला म्हणून एक हात स्टिअरिंगवरून उचलला. "अवो!" सुहासिनीवहिनी डबा सावरत ओरडल्या, "दोनय हातांनी धरा, गाडी चालू आसा!"